पक्ष्याच्या मांसात शिसं: ब्रिटनमधल्या शिकाऱ्यांनी दिलेला शब्द पाच वर्षांत का फसला?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते जानेवारीअखेर फेझंटच्या शिकारीचा हंगाम असतो. फेझंट हा मोर आणि कोंबडीच्याच कुळातला, लांब शेपटीचा पक्षी. शिकारीसाठी तिथे दरवर्षी तीन कोटींहून जास्त फेझंट मुद्दाम वाढवून रानात सोडले जातात. त्यातले मारले गेलेले बरेच पक्षी खाटकाच्या दुकानात, हॉटेलांत आणि सुपरमार्केटमध्ये विकायला येतात.

केंब्रिज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने चाललेला एक अभ्यासगट २०२०-२१ पासून दर हंगामात असे पक्षी मिळवतो, त्यांच्या मांसात अडकलेले छर्रे काढतो आणि प्रयोगशाळेत तपासतो. छर्रा शिशाचा आहे की दुसऱ्या कशाचा, एवढंच त्यांना पाहायचं असतं. पहिल्या हंगामात ९९ टक्क्यांहून जास्त फेझंटमध्ये शिसं निघालं. दुसऱ्या हंगामातही तेच. पुढच्या दोन हंगामांत आकडा ९४ आणि मग ९३ टक्क्यांवर आला. आता उतरणीला लागला असं वाटत असतानाच २०२४-२५ मध्ये तो परत ९९ वर गेला.

या आकड्यांना वजन आहे ते एका घोषणेमुळे. ब्रिटनमधल्या शिकारी, जमीनमालक आणि रानराखे यांच्या नऊ मोठ्या संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये एकत्र येऊन सांगितलं होतं की छर्र्यांच्या बंदुकीने होणाऱ्या शिकारीतून शिसं आम्ही पाच वर्षांत स्वतःहून हद्दपार करू. कायद्याची गरज पडणार नाही, असा त्यामागचा सूर होता.

पाच वर्षं संपली आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने कायद्याने बंदी आणत असल्याचं जाहीर केलं. बंदुकीच्या छर्र्यातल्या शिशावरून वाद का होतो, पर्याय कोणते आहेत, आणि पर्याय दुकानात मिळत असतानाही शिकारी ते का घेत नाहीत, ते समजून घेऊया.

छर्रे शिशाचेच का?

रायफलमधून एका वेळी एक गोळी सुटते. पक्ष्यांसाठी वापरतात ती बारा बोअरची बंदूक वेगळी असते. तिच्या एका काडतुसात शेकडो बारीक छर्रे भरलेले असतात आणि चाप ओढला की ते फवाऱ्यासारखे पसरत जातात. उडत्या पक्ष्याला एका गोळीने टिपणं जवळपास अशक्य, म्हणून हा फवारा.

फेझंटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा नंबरच्या २८ ग्रॅमच्या काडतुसात साधारण २७० छर्रे असतात. एकेका छर्र्याचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा. नेम अचूक लागला तरी पक्ष्याच्या अंगात त्यातले मोजकेच शिरतात. बाकीचे सगळे शेतात, झुडपांत, तळ्यात जाऊन पडतात. नेम चुकला तर सगळेच.

शिसं या कामाला फार सोयीचं आहे. ते जड आहे, स्वस्त आहे, मऊ असल्यामुळे बंदुकीच्या नळीला ओरखडा पाडत नाही आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. या शेवटच्या गुणावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाच्या नळकारागिराने १७८२ मध्ये छर्रे बनवण्याच्या नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं. वितळलेलं शिसं चाळणीतून खूप उंचावरून खाली सोडायचं. पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब गोल होतात आणि खाली ठेवलेल्या पाण्यात पडून थिजतात. यासाठी वॉट्सने आपल्या राहत्या घरावर मजले चढवून मनोरा केला आणि खाली विहिरीसारखा खड्डा खणला. पुढे युरोप-अमेरिकेत असे मनोरे ठिकठिकाणी उभे राहिले. इंग्लंडमधल्या चेस्टर शहरातला १७९९ सालचा मनोरा आजही उभा आहे.

लोखंडाचे थेंब असे पाडणं सोपं नाही, कारण लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. दोनशे वर्षं शिशाला स्पर्धकच नव्हता, तो असा.

जमिनीवर पडलेला छर्रा पक्ष्याच्या पोटात कसा जातो?

कोंबडीचं चिकन आणताना अनेकजण कलेजी-पेटा वेगळा मागून घेतात. त्यातला पेटा म्हणजे पक्ष्याचं जातं. पक्ष्यांना दात नसतात. ते बारीक खडे गिळतात आणि पेट्याचे बळकट स्नायू त्या खड्यांच्या मदतीने दाणे भरडतात.

बदक, हंस, तित्तिर यांना तळ्याच्या गाळात किंवा शेतात पडलेला शिशाचा छर्रा म्हणजे खडाच वाटतो, किंवा एखादं बी. ते तो गिळतात. मग पेट्यात तो इतर खड्यांबरोबर घासला जातो, जठरातल्या आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात जातं. पक्षी लगेच मरत नाही. पंख लोंबायला लागतात, अन्न पुढे सरकत नाही, पोट भरलेलं असूनही तो उपासमारीने खंगत जातो. असा पक्षी झुडपात कुठेतरी मरतो आणि कोल्हा किंवा घार त्याला उचलून नेते. म्हणून हे मृत्यू माणसांच्या डोळ्यांना फारसे दिसत नाहीत. शिकारीच्या बाजूने होणारा ‘एवढे पक्षी मरतात तर ते दिसत का नाहीत’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

हे काही नव्याने कळलेलं नाही. अमेरिकेतले निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच शिशाने बदकं मरत असल्याबद्दल लिहिलं होतं. ग्रिनेल स्वतः शिकारी होते आणि शिकाऱ्यांच्याच नियतकालिकाचे संपादक होते. १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज या शास्त्रज्ञाने अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी शिशाच्या विषबाधेने जातात. ब्रिटनसाठी शास्त्रज्ञांचा अंदाज आहे दर हिवाळ्यात ५० हजार ते एक लाख पाणपक्षी.

दुसरी साखळी शिकारी पक्ष्यांची. जखमी होऊन निसटलेला किंवा मरून पडलेला पक्षी गरुड खातो, आणि त्याच्यासोबत छर्रेही. मोठ्या जनावरांच्या शिकारीत शिशाची गोळी हाडावर आदळून फुटते. शिकारी आतडी रानातच टाकून जातो आणि गोळीचे कण त्यांत राहतात. अमेरिकेतला कॅलिफोर्निया कॉन्डोर हा गिधाडासारखा प्रचंड पक्षी १९८२ मध्ये अवघ्या २२ वर आला होता. पिंजऱ्यात पैदास करून त्याला परत आकाशात सोडलं, तर तिथेही त्याच्या मृत्यूचं मोठं कारण शिसंच ठरलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले होते. जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेलं शिसं सापडलं. त्याच वर्षी युरोपातल्या दहा जातींच्या शिकारी पक्ष्यांबद्दलचा अभ्यास आला. शिशाची विषबाधा नसती तर आज आकाशात सुमारे ५५ हजार प्रौढ पक्षी जास्त असते, असं त्याचं गणित होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं संपत आली, तीही कुणी त्यांच्यावर नेम धरला म्हणून नव्हे. विष मेलेल्या जनावरातून गेलं. तिथे मात्र मेलॉक्सिकॅम हा पर्याय तपासून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

आणि माणसाच्या ताटात?

२०१५ मध्ये नूडल्समधल्या शिशावरून भारतात किती गदारोळ झाला होता ते आठवत असेल. तेव्हा चर्चा होती दहा लाखात अडीच भाग या मर्यादेची. युरोपीय संघात कोंबडी किंवा गाईच्या मांसासाठी मर्यादा याहून कडक आहे, दहा लाखात ०.१ भाग. पण शिकार केलेल्या पक्ष्याच्या मांसासाठी तिथे मर्यादाच ठरवलेली नाही. ब्रिटनमध्येही नाही. म्हणजे जी कोंबडी बाजारातून परत मागवावी लागली असती, तिच्याहून जास्त शिसं असलेला फेझंट कायदेशीरपणे विकता येतो.

साधा हिशेब पाहा. सहा नंबरच्या एका छर्र्याचं वजन असतं सुमारे १०० मिलिग्रॅम. एक किलो मांसात असा एक छर्रा पूर्ण विरघळला तर प्रमाण होईल दहा लाखात १०० भाग, कोंबडीसाठीच्या मर्यादेच्या हजारपट. प्रत्यक्षात तो पूर्ण विरघळत नाही आणि दाताखाली आला की माणूस थुंकून टाकतो, हे खरं. ‘आमचे आजोबा आयुष्यभर हेच खात आले’ असं म्हणणाऱ्यांचा भरवसा याच थुंकण्यावर असतो.

त्याला तडा गेला तो स्कॅनिंगमुळे. केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनमध्ये मारलेल्या आठ फेझंटचं बारकाईने स्कॅनिंग केलं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्ष्यामागे सरासरी तीन-चार अख्खे छर्रे होतेच, पण सरासरी ३९ बारीक तुकडेही होते. शिसं मऊ असतं, हाडावर आदळलं की त्याचा चुरा होतो. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, दातांना जाणवत नाहीत आणि ते जखमेपासून दूरपर्यंत मांसात पसरलेले असतात. छर्रा वेचून काढला तरी चुरा राहतोच. गंमत अशी की नळीला न ओरखडणारा शिशाचा जो मऊपणा शिकाऱ्याला हवा असतो, तोच खाणाऱ्याच्या मुळावर येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. लहान मुलांच्या आणि गर्भाच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. ब्रिटनच्या अन्न प्रमाणन संस्थेने २०१२ पासून असं मांस वारंवार खाणाऱ्यांना ते कमी करण्याचा सल्ला दिला आहे, विशेषतः मुलांना आणि गरोदर स्त्रियांना.

पर्याय कोणते?

मुख्य पर्याय तीन: स्टील, बिस्मथ आणि टंगस्टन. यातलं स्टील खरं तर मऊ लोखंडच असतं, पण सगळे त्याला स्टील म्हणतात.

स्टील सगळ्यात स्वस्त, जवळपास शिशाच्याच भावात मिळतं. अडचण वजनाची आहे. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९. सारख्याच आकाराचा स्टीलचा छर्रा सुमारे ३० टक्के हलका असतो आणि हवेत त्याचा वेग लवकर मंदावतो. यावर शिकाऱ्यांनी काढलेला ठोकताळा असा की स्टील वापरताना छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा. शिशाचा सहा नंबर वापरत असाल तर स्टीलचा चार. आणि फार लांबून बार काढायचा नाही.

दुसरी अडचण कडकपणाची. बऱ्याच बंदुकींचं नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. शिशाचे छर्रे तिथून दबून जातात, स्टीलचे दबत नाहीत. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या पातळ नळीच्या, हाताने घडवलेल्या इंग्लिश बंदुकींना त्यामुळे धोका संभवतो. आधुनिक बंदुकींची यासाठी वेगळी चाचणी होते आणि जास्त दाबाचं स्टील पेलणाऱ्या नळीवर लिलीच्या फुलाचा शिक्का मारला जातो. नळी वाचवण्यासाठी स्टीलचे छर्रे प्लॅस्टिकच्या जाड कपात ठेवावे लागत. म्हणजे शिसं गेलं आणि शेतात प्लॅस्टिक आलं. आता कुजणारे कप बाजारात आले आहेत. स्टील कठीण पृष्ठभागावरून जास्त उसळतं, म्हणून शेजारी उभ्या माणसाची काळजी घ्यावी लागते. लाकूडवाल्यांची तक्रार आणखी वेगळी. झाडाच्या खोडात रुतलेला स्टीलचा छर्रा पुढे वखारीत करवतीचे दात मोडतो.

बिस्मथ वजनाने शिशाच्या जवळ जातं, घनता ९.८. ते जुन्या बंदुकींनाही चालतं. पण स्टीलच्या कितीतरी पट महाग. शिवाय ते बरंचसं मिळतं कुठून, तर शिसं शुद्ध करतानाच उपउत्पादन म्हणून. जगातलं बहुतेक बिस्मथ चीनमध्ये तयार होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने बिस्मथ आणि टंगस्टन या दोन्हींच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली. टंगस्टन शिशापेक्षाही जड आणि मारा उत्तम, पण किंमत बघून सामान्य शिकारी त्याच्या वाटेला जात नाही. टंगस्टन, निकेल आणि कोबाल्ट यांच्या एका लष्करी मिश्रधातूचे तुकडे उंदरांच्या स्नायूंत बसवल्यावर गाठी झाल्याचं २००५ मध्ये दिसलं होतं. शिकारीसाठी मान्य केलेले टंगस्टनचे छर्रे वेगळ्या घडणीचे असतात, पण ‘पर्याय आधी तपासा’ हा मुद्दा त्यातून पुढे आला आणि तो रास्त आहे.

म्हणजे मोठ्या प्रमाणावर विचार केला तर उरतं स्टील. आणि खरा वाद स्टीलवरच आहे.

स्टीलने पक्षी नुसते जखमी होतात का?

शिशाच्या बाजूने होणारा सगळ्यात गंभीर युक्तिवाद हाच. हलक्या छर्र्याने पक्षी जागीच मरत नाही, तडफडत राहतो, तेव्हा शिसंच जास्त दयाळू आहे, असं म्हटलं जातं. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्यात यावर एक नेटका प्रयोग झाला. होल्यांची शिकार करणाऱ्यांना काडतुसं दिली. त्यांत शिसं आहे की स्टील हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि शेजारी उभ्या निरीक्षकांनाही नव्हतं. दोन हंगामांत ५,०९४ बार निघाले आणि १,१०० पक्षी हाती लागले. जागीच मेलेले, जखमी होऊन निसटलेले, नेम चुकलेले, सगळ्याची नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत शिसं आणि स्टील यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. नेम चुकण्याचं प्रमाण मात्र दोन्हींत भरपूर होतं. धातूपेक्षा शिकाऱ्याचा हात आणि अंतराचा अंदाज जास्त महत्त्वाचा, असंच यातून दिसतं. अर्थात होला हा लहान पक्षी आहे. हंसासारख्या मोठ्या पक्ष्याला किंवा फार उंचावरून जाणाऱ्या फेझंटला हाच निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

डेन्मार्कचा अनुभव त्याहून लांब पल्ल्याचा आहे. तिथे १९९६ पासून शिशाच्या छर्र्यांवर सगळीकडे बंदी आहे. तिथली शिकार काही बंद पडली नाही. एप्रिल २०२४ पासून तर रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आली.

उलटं उदाहरणही आहे. शेजारच्या नॉर्वेने २००५ मध्ये पूर्ण बंदी आणली आणि २०१५ मध्ये संसदेत मतदान घेऊन पाणथळ जागांबाहेर शिशाला परत परवानगी दिली. जखमी पक्ष्यांचा मुद्दा तिथे प्रभावी ठरला.

अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशावर बंदी आणली. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की १९९७ च्या एका हंगामातच त्यामुळे सुमारे १४ लाख बदकं वाचली. पण त्यापलीकडे तिथे हा विषय पक्षीय राजकारणात अडकला. ओबामा प्रशासनाच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २०१७ ला, सरकारी अभयारण्यांतून शिसं हटवण्याचा आदेश निघाला. ट्रम्प यांचे अंतर्गत व्यवहार मंत्री रायन झिंके २ मार्चला घोड्यावर बसून कामावर रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तो रद्द केला. कॅलिफोर्नियाने मात्र कॉन्डोरसाठी २०१३ मध्ये कायदा करून जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिसं बंद केलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या १०० मीटर परिसरात शिशाचे छर्रे चालत नाहीत.

मग ब्रिटनमधला शब्द का फसला?

याची पूर्वसूचना आधीच मिळाली होती. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदकांची शिकार शिशाने करणं बेकायदा आहे. तरीही बाजारातली बदकं विकत घेऊन तपासली तेव्हा सुमारे ७० टक्के शिशानेच मारलेली निघाली. काही वर्षांनी परत तपासलं तर प्रमाण ७७ टक्के. कारण कायदा होता, पण रानात जाऊन काडतूस तपासणारं कुणी नव्हतं. जिथे कायदा पाळला जात नव्हता तिथे नुसत्या आवाहनाने काय होणार, हा प्रश्न २०२० मध्येही विचारता आला असता.

संघटनांनी आपल्या बाजूने कोविड आणि युक्रेन युद्धामुळे झालेल्या कच्च्या मालाच्या तुटवड्याकडे बोट दाखवलं. त्यात तथ्य आहे. पण ९३ टक्क्यांवरून परत ९९ टक्के होण्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

खरी गाठ व्यवहारात आहे. मोठ्या शिकारीत आठ-दहा बंदूकधारी एका रांगेत उभे राहतात, हाकारे पक्षी उठवतात आणि दिवसाला शेकडो पक्षी पडतात. संध्याकाळी सगळे एकाच ढिगात जातात. नऊ जणांनी स्टील वापरलं आणि एकाने शिसं, तरी ढीग शिशाचाच. व्यापाऱ्याला फरक कळत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. वेटरोज या सुपरमार्केट साखळीने शिशाने मारलेले पक्षी विकणार नाही असं २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. बाकीच्या बाजाराने तेवढाच आग्रह धरला असता तर चित्र बदललं असतं. जो आधी बदलेल त्याला नवी काडतुसं घ्यायची, बंदूक तपासून घ्यायची, नव्याने अंदाज बांधायचा. फायदा मात्र दुसऱ्याच्या तळ्यातल्या बदकाचा. अशा वेळी प्रत्येकजण शेजारच्याची वाट बघत बसतो.

वारशाने आलेल्या जुन्या बंदुकीचा जिव्हाळाही कमी लेखू नये. पणजोबांच्या हातची बंदूक केवळ भिंतीवर टांगायची वेळ येणार असेल तर माणूस शक्य तितके दिवस ते टाळतो. काहींना यामागे शिकारीवरच टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा डाव दिसतो. ब्रिटनमध्ये शिकारविरोधी गट प्रबळ असल्यामुळे हा संशय अगदी हवेतला नाही. पण याच संशयापोटी नऊ संघटनांनी स्वतःहून पाऊल उचललं होतं, म्हणजे बदल आपल्या अटींवर होईल. ती संधी हातातून गेली.

भारतात काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेखातर शिकारीला जागाच ठेवली नाही, त्यामुळे हा वाद इथे त्या रूपात नाही. पण इतिहास आहे. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडी फलकावर आजही वाचता येतो. तेच तळं आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

खेळाशी मात्र थेट संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारातल्या बारीक गोळ्या शिशाच्याच असतात. नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या एका जागी अडवून शिसं परत गोळा करता येतं. रानात तसं करता येत नाही. नियम करणारे या दोन गोष्टी वेगळ्या मानतात, त्या यामुळे.

ब्रिटनच्या नव्या नियमात काय आहे?

जुलै २०२५ च्या घोषणेनुसार एक टक्क्याहून जास्त शिसं असलेल्या छर्र्यांवर आणि शिकारीसाठीच्या, तीन टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या मोठ्या गोळ्यांवर बंदी येईल. लष्कर, पोलीस आणि अव्वल दर्जाचे खेळाडू यांना सूट आहे. एअरगनचे छर्रे आणि लहान गोळ्याही तूर्त बाहेर आहेत. नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सला लागू असेल. उत्तर आयर्लंडला या बाबतीत युरोपीय नियम लागतात.

बदलासाठी पाच वर्षं द्यावीत असा सल्ला सरकारच्याच संस्थेने दिला होता. सरकारने तीन वर्षं ठरवली. पाच वर्षं तर आधीच देऊन झाली होती, असं पक्षीप्रेमी संघटनांचं म्हणणं. जुन्या बंदुकींसाठी आणि काडतुसांच्या पुरवठ्यासाठी तीन वर्षं अपुरी आहेत, असं शिकारी संघटनांचं. तोवरच्या हंगामांत मारलेले फेझंट शिशासकट दुकानात येत राहतील, आणि त्यांच्या वेष्टनावर छर्रा कोणत्या धातूचा होता हे लिहिण्याची सक्ती नसेल.